खणातली सात कार्डं

लेकाच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक खाकी लिफाफा होता. त्यात गेमच्या ऑनलाइन दुकानांची सात गिफ्ट कार्डं पडून होती, काही तर तीन वर्षांपासून. कुणी वाढदिवसाला दिलेली, कुणी परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून. कार्ड घरात आलं की मी दर वेळी "नंतर बघू" म्हणून ते लिफाफ्यात सारायचे. गेम हा माझा प्रांत नाही. शिवाय मनात भीती होती, की कोडवरची ती राखाडी पट्टी एकदा खरवडली आणि पुढे काही चुकलं, तर देणाऱ्याचे पैसे पाण्यात जायचे. त्यापेक्षा आहे तसं राहू दे.

आज मार्च संपत आलाय. सातातली सहा कार्डं मार्गी लागली आणि सातवं मी मुद्दाम राखून ठेवलंय. मध्ये तीन महिने गेले. ज्यांच्या घरी असाच एखादा लिफाफा आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते.

सुरुवात झाली २१ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी. लेक सकाळी म्हणाला, "आई, स्टीमवर हिवाळी सेल लागलाय. १९ ला सुरू झाला, २ जानेवारीला संपतो. माझी कार्डं आहेत ना तुझ्याकडे?" स्टीम म्हणजे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. ऑक्टोबरात त्याला तेरा पूर्ण झाली. स्टीमवर खातं काढायला वयाची अट तेराचीच आहे, त्यामुळे तो तोपर्यंत थांबला होता. आता नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघांनी लिफाफा जेवणाच्या टेबलावर उलटा केला.

एकाही कार्डाची पट्टी आम्ही त्या संध्याकाळी खरवडली नाही, आणि तेच बरं झालं. आधी फक्त वाचलं. कार्डाची पुढची बाजू म्हणजे जाहिरात असते. खरं काय ते मागच्या बारीक अक्षरांत असतं. भिंग घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की तिथे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. कार्ड कोणत्या दुकानात चालतं, कोणत्या देशातल्या खात्यावर चालतं, आणि त्यातून नक्की मिळतं काय. ही तिसरी गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. मी सगळी कार्डं म्हणजे पैसेच समजत होते. काही कार्डांनी खात्यात रक्कम जमा होते, काहींनी ठराविक महिन्यांची वर्गणी सुरू होते, तर काहींनी एकाच गेममध्ये चालणारं चलन मिळतं.

आमच्या सातांत तीन स्टीमची होती. एक मामाने परदेशातून पाठवलेलं, एक वर्गातल्या मित्रांनी मिळून दिलेलं आणि एक आजीचं. चौथं प्लेस्टेशनचं, तेही मामाचंच. पाचवं निन्टेन्डोचं, आणि आमच्याकडे निन्टेन्डोचं यंत्रच नाही. सहाव्यावर व्ही-बक्स लिहिलं होतं, म्हणजे फोर्टनाइट या एकाच गेममधलं चलन. सातवं एक्सबॉक्सच्या गेम पासचं, तीन महिन्यांचं. लेकाने वहीच्या पानावर तक्ता केला. कार्ड, देणारा, दुकान, देश, काय मिळणार. प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटोही काढले, पट्टी शाबूत असतानाच. पुढे जे जे अडलं ते या तक्त्यामुळे आणि फोटोंमुळे सुटलं, म्हणून हे आवर्जून सांगते.

कोडची लांबी हीसुद्धा ओळखीची खूण आहे. प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा असतो. स्टीमच्या कार्डावर पाच-पाचाच्या तीन गटांत १५ अक्षरं असतात. निन्टेन्डोचा १६ चा आणि एक्सबॉक्सचा २५ चा, पाचाचे पाच गट. कुणी नुसता कोड कागदावर लिहून दिला असेल, कार्ड हरवलं असेल, तर अक्षरं मोजली तरी बराच अंदाज येतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिलं कार्ड वटवायला घेतलं. मामाचं स्टीमचं. मी चष्मा लावून मागचा लांबलचक आकडा एकेक करून टाइप केला आणि स्क्रीनवर उत्तर आलं की कोड चुकीचा आहे. छातीत धस्स झालं. तो आकडा बारकोडखालचा होता. तो दुकानाच्या काउंटरवरच्या यंत्रासाठी असतो. वटवायचा कोड पट्टीच्या खाली असतो आणि पट्टी तर आम्ही अजून खरवडलीच नव्हती.

लेकाने नाण्याच्या कडेने हलक्या हाताने पट्टी घासली. पंधरा अक्षरं दिसली. मी वाचत होते, तो टाइप करत होता. शेवटचं बटण दाबणार तेवढ्यात त्याचा हात थांबला. "आई, हे बाबांचं खातं आहे." त्याच्या बाबांनी कधीतरी या लॅपटॉपवर स्वतःचं खातं उघडलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. वर उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव दिसत होतं. बटण दाबलं असतं तर रक्कम त्यांच्या वॉलेटमध्ये गेली असती, आणि स्टीमवर एका खात्याच्या वॉलेटमधले पैसे दुसऱ्या खात्यात हलवता येत नाहीत. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. कोड टाकायच्या आधी वरच्या कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचायचं.

बाबांच्या खात्यातून बाहेर पडून लेकाचं उघडलं. पहिल्यांदाच कोड टाकत असल्यामुळे स्टीमने पत्ता विचारला. तो खरा द्यायचा, कारण वॉलेटचं चलन त्यावरून ठरतं. मामाचं कार्ड परक्या चलनातलं होतं, त्यामुळे मी धास्तावले होते. पण स्टीम त्या दिवशीच्या दराने रक्कम आपल्या चलनात बदलून जमा करतं. मिनिटभरात वॉलेटमध्ये आकडा आला. त्याबरोबर आणखी एक अडचण आपोआप सुटली. स्टीमचं नवं खातं सुरुवातीला मर्यादित असतं. किमान ५ डॉलरइतकी रक्कम त्यात येत नाही किंवा खर्च होत नाही, तोपर्यंत कुणाला मैत्रीची विनंती पाठवता येत नाही. कार्ड वटताच ती मर्यादा गेली आणि लेकाने पहिली विनंती मामाला पाठवली.

दुसरं कार्ड मित्रांचं. एव्हाना आमचा हुरूप वाढला होता. इथे चूक माझी झाली. पट्टी जुनी, चिकटून बसलेली. मी नाण्याऐवजी चाकूचं टोक घेतलं आणि पट्टीबरोबर खालची छपाईही गेली. मधल्या गटातली दोन अक्षरं पार उडाली. एक बी होतं, आठ की आर, दुसरं डी, शून्य की क्यू, काही केल्या कळेना. मग आम्ही एकेक शक्यता टाकून बघायला लागलो. काही वेळा चुकल्यावर स्टीमने सांगितलं की फार प्रयत्न झाले, आता थांबा. तासभर काही करता येत नाही. लेकाचं तोंड उतरलं. त्याच्या मित्रांनी खाऊचे पैसे साठवून ते कार्ड घेतलं होतं.

त्या तासाभरात एक गोष्ट सुचली, ती कुणाच्याही कामी येईल. खोलीतले दिवे मालवले, कार्ड टेबलावर आडवं ठेवलं आणि फोनचा टॉर्च अगदी बाजूने, जवळजवळ कार्डाच्या पातळीवर धरला. शाई गेली होती, पण अक्षराचा पुसट ठसा राहिला होता. बाजूच्या उजेडात त्याची सावली पडली. लेकाने दुसऱ्या फोनवर फोटो काढला, मोठा केला, काळं-पांढरं गडद केलं. आठ नव्हता, बी होता. त्याची उभी रेघ सरळ दिसत होती. तशाच रेघेवरून दुसरं डी ठरलं. तासाने टाकला तो पहिल्याच फटक्यात बसला. एवढं करूनही अक्षर लागलं नाही तर अंदाज लढवत बसू नका. कार्डाच्या मागचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती जपून ठेवा आणि दुकानाच्या मदत विभागाकडे तक्रार नोंदवा. कार्ड आपल्याच हातात आहे याचा पुरावा म्हणून ते कार्डाचा फोटो मागू शकतात, म्हणून खराब झालेलं कार्ड फेकून देऊ नका.

व्ही-बक्सचं कार्ड त्याच संध्याकाळी दहा मिनिटांत संपलं. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीचं लेकाचं खातं आधीपासून होतं, फोर्टनाइटच्या पानावर कोड टाकला आणि झालं. निन्टेन्डोचं कार्ड न खरवडता त्याच्या एका मैत्रिणीला दिलं, तिच्याकडे ते यंत्र आहे. आपल्याला नको असलेल्या कार्डाची पट्टी शाबूत ठेवली तर ते पुढे देताना समोरच्यालाही शंका राहत नाही.

प्लेस्टेशनचं कार्ड मात्र अडलं. कोड बरोबर, अक्षरं बारा, खातं बरोबर, तरी वटेना. भिंगातून वाचलेली ओळ मी तक्त्यात लिहिली होती, पण तिचा अर्थ नीट लावला नव्हता. ते कार्ड मामाच्या देशातल्या खात्यांसाठीच होतं. स्टीमने चलन बदलून घेतलं म्हणून इथेही तसंच होईल असं मी धरून चालले होते. प्लेस्टेशनवर कार्डाचा देश आणि खात्याचा देश एकच लागतो, आणि खातं काढताना दिलेला देश नंतर बदलता येत नाही. यात कुणाचाच दोष नव्हता. मामाने प्रेमाने घेतलं, त्याला हे माहीत असण्याचं कारणच नाही. परदेशातून कार्ड पाठवणारं कुणी असेल तर त्यांना एवढंच सांगा, की जिथे खेळणाऱ्याचं खातं आहे त्या देशाचं कार्ड घ्या.

न वटलेला कोड वाया मात्र जात नाही. मी मामाला फोन लावला. "अरे, तुझं कार्ड तुझ्याच देशात चालतंय." तो म्हणाला, "मग चिऊला दे की ताई, ती घेईल काहीतरी." कोड मी मेसेजमध्ये लिहिला नाही, फोनवर वाचून दाखवला आणि भाचीने मी फोनवर असतानाच टाकला. आणि तेवढ्याच रकमेचं डिजिटल कार्ड मामाने लेकाला स्टीमवर पाठवलं. त्यात कोडही नाही आणि प्लास्टिकही नाही, रक्कम थेट मित्राच्या वॉलेटमध्ये. फक्त दोघांची स्टीमवरची मैत्री किमान तीन दिवस जुनी लागते. रविवारी केलेली मैत्री गुरुवारपर्यंत पुरेशी जुनी झाली होती आणि २६ तारखेला रक्कम आली.

आता आजीचं कार्ड.

सोमवारी, २३ डिसेंबरला, आम्ही ते घेतलं. नाव मोठ्याने वाचलं, नाण्याने अलगद पट्टी काढली, पंधरा अक्षरं स्वच्छ होती. उत्तर आलं, हा कोड अजून सुरूच झालेला नाही. तीनदा टाकला, तेच.

दुकानात टांगलेल्या कार्डांत पैसे नसतात हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच ती कुलपाशिवाय, हाताला येतील अशी लटकवलेली असतात. आपण पैसे देतो तेव्हा काउंटरवरचा माणूस कार्डाचा बारकोड यंत्रावर दाखवतो, तिथून कार्ड काढणाऱ्या कंपनीकडे संदेश जातो आणि मग कोडमध्ये जीव येतो. ही पायरी राहिली तर पैसे घेतलेले असतात, कार्ड हातात असतं आणि कोड मात्र मेलेला असतो. हे दुरुस्त करणं विकणाऱ्याच्या हातात असतं.

२४ ला दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, पट्टी खरवडलेली आहे, पावती नाही, आम्ही काय करणार. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. पावती असलीच तर सासूबाईंकडे. आणि मला त्यांना हे कळू द्यायचं नव्हतं.

त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. ऑक्टोबरात नातवाच्या मित्राला गुपचूप विचारून त्यांनी चिठ्ठीवर "स्टीम" असं लिहून घेतलं होतं, एकट्या दुकानात गेल्या होत्या, चिठ्ठी दाखवून कार्ड मागितलं होतं. नातवाला काय हवंय ते आपण स्वतः जाऊन आणलं, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. वाढदिवसाच्या दिवशी त्यांनी ते कार्ड पदराआडून काढून त्याच्या हातात ठेवलं, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि मी ते लिफाफ्यात सारलं होतं. अडीच महिने.

रात्री धीर करून विचारलं. "आई, त्या कार्डाची पावती राहिलीये का हो तुमच्याकडे?"

"का गं? चाललं नाही का ते?" त्यांचा चेहराच पडला. "मी चुकीचं आणलं का?"

"नाही हो आई, तुम्ही अगदी बरोबर आणलंत. दुकानाकडून एक काम राहिलंय."

त्या उठल्या आणि कपाटातून त्यांची हिशेबाची वही घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून त्या रोजचा खर्च लिहितात. ऑक्टोबरचं पान उघडलं. ९ तारीख. त्यांच्या तिरक्या अक्षरात, "कार्ड, बाळाला", पुढे रक्कम, आणि पानाला टाचणीने टोचलेली पावती. यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत कागदाची ती पावती इतकी फिकट झाली होती, की नुसत्या डोळ्यांना कोरी वाटावी. पुन्हा बाजूने उजेड धरून फोटो काढला तेव्हा तारीख, वेळ आणि पावती क्रमांक वाचता आला. असल्या पावत्यांची शाई उष्णतेने आणि उजेडाने उडते. गिफ्ट कार्ड घेतलं की त्याच दिवशी पावतीचा फोटो काढा, कृपा करून. वहीत मिटून राहिली म्हणून आमची थोडी तरी वाचली.

२६ ला पुन्हा गेले, या वेळी थेट व्यवस्थापकांना भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात काउंटरवर दुसऱ्या कुणीतरी तसलंच कार्ड घेतलं, तर त्याची पावती मागून त्यांनी मला शेजारी ठेवून दाखवली. तिच्यावर किमतीखाली कार्डाचा क्रमांक छापून आला होता आणि कार्ड सुरू झाल्याची एक ओळ होती. आमच्या पावतीवर फक्त किंमत. म्हणजे पैसे जमा झाले होते, पण कार्ड यंत्रावर चढलंच नव्हतं. ही ओळ कार्ड घेतानाच काउंटरवर उभं राहून बघितली असती तर पुढचा महिना वाचला असता.

त्यांनी लेखी अर्ज मागितला. मी तिथेच लिहिला. खरेदीची तारीख, पावती क्रमांक, रक्कम, कार्डाच्या मागचा अनुक्रमांक, आणि काय झालं ते चार ओळींत. सोबत पावतीची आणि कार्डाची झेरॉक्स. कार्डाची झेरॉक्स काढताना मी कोडवर कागदाची पट्टी चिकटवली. दुकानाला अनुक्रमांक पुरतो, कोड लागत नाही, आणि खरवडलेला कोड ज्याला दिसला त्याचाच तो होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. त्यांनी आधी "त्याची गरज नाही" म्हटलं. मी म्हटलं, "राहू द्या ना, माझ्या समाधानासाठी." ती पोच पुढे फार उपयोगी पडली.

इकडे सेल संपायला आठवडा उरला होता. तो २ जानेवारीला पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, वेळेनुसार सकाळी १० वाजता बंद होणार होता, म्हणून आपल्या घड्याळाप्रमाणे तेव्हा किती वाजलेले असतील ते बघून ठेवलं. ३० डिसेंबरला लेकाने दोन गेम निवडले. दोन्ही मिळून रक्कम थोडी कमी पडली. वॉलेटमधली शिल्लक वापरून उरलेली रक्कम दुसऱ्या मार्गाने भरता येते. मी माझ्या कार्डाने भरली आणि माहिती साठवून ठेवायच्या चौकोनातली खूण काढून टाकली, मुलाच्या खात्यावर माझं बँकेचं कार्ड राहू नये म्हणून. दोनपैकी एक गेम आमच्या जुन्या लॅपटॉपवर अडखळायला लागला. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीमवर परतावा मागता येतो. चाळीस मिनिटंच झाली होती. मागितला, आणि तिसऱ्या दिवशी रक्कम वॉलेटमध्ये परत आली. घेण्याआधी गेमच्या पानावर खाली लॅपटॉप कसा लागतो ते दिलेलं असतं, ते आता आम्ही आधी वाचतो.

आजीच्या कार्डाची वाट बघत असताना, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एक प्रसंग घडता घडता टळला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर लेक कार्ड समोर ठेवून काहीतरी टाइप करत होता. कार्ड सुरू झालंय का ते दाखवणारी एक साइट त्याने शोधून काढली होती. वर स्टीमसारखंच चिन्ह, खाली कोड टाकायची चौकट. दहा अक्षरं टाकून झाली होती. मी लॅपटॉपचं झाकणच मिटलं. तो बिचारा मदतच करत होता. शिल्लक तपासून देतो म्हणून पूर्ण कोड मागणाऱ्या अशा साइट कोड गोळा करण्यासाठीच असतात. आमचा कोड तेव्हा मेलेला होता, पण दुकानाने सुरू करताच तो आधी त्यांनी वटवला असता. फुकट कोड बनवून देतो म्हणणाऱ्याही साइट याच माळेतल्या.

त्या रात्री मी बरंच वाचलं. कुणी फोन करून सरकारी अधिकारी असल्याचं सांगतं, कुणी चॅटवर "चुकून तुझ्या खात्याची तक्रार केली, आता खातं वाचवायचं तर कार्ड घेऊन कोड पाठव" म्हणतं. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन लोकांना सतत सांगत असतं, की गिफ्ट कार्ड भेट देण्यासाठी असतं, कुणाचं देणं चुकतं करण्यासाठी नाही, आणि जो त्यातून पैसे मागेल तो ठग. हे मी लेकाला आणि सासूबाईंना, दोघांनाही एकत्र बसवून सांगितलं. आजी आता स्वतः कार्ड आणायला शिकल्या आहेत, तेव्हा त्यांनाही हे माहीत हवंच.

दुकानाने दहा कामाचे दिवस सांगितले होते. ३ जानेवारीला फोन केला, अजून नाही. १० ला, वरून उत्तर आलेलं नाही. १७ ला गेले तर व्यवस्थापक बदलून गेलेले आणि नव्यांना काहीच माहीत नाही. "असा अर्ज आमच्याकडे दिसत नाही," म्हणाले. मला रडू येईल असं वाटलं. पर्समधून शिक्का मारलेली पोच काढून पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, आत गेले, दहा मिनिटांनी फाइल घेऊन बाहेर आले. अर्ज पुढे पाठवलेलाच नव्हता. त्यांनी माझ्यासमोर पाठवला आणि स्वतःचा फोन नंबर दिला. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा आणि तीन फेऱ्यांचा. त्याहून जड होतं ते रोज संध्याकाळी सासूबाईंचं "आला का गं फोन?" आणि माझं "येईल".

२४ जानेवारीला, शुक्रवारी, दुपारी फोन आला. कार्ड सुरू झालंय. लेक शाळेतून येईपर्यंत मी हात लावला नाही. तो आला, आजीला हाताला धरून टेबलाशी घेऊन आला. वरच्या कोपऱ्यातलं नाव त्याने मोठ्याने वाचलं. या वेळी अक्षरं आजींनी वाचली, एकेक, बोट ठेवून. इंग्रजी अक्षरं त्या सावकाश वाचतात. आम्ही कुणी घाई केली नाही. पंधरावं अक्षर झालं, त्याने बटण दाबलं आणि आकडा वाढला.

"एवढेच ना, मी दिलेले?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. तुझेच."

ते पैसे त्याने लगेच खर्च केले नाहीत. स्टीमच्या वॉलेटमधल्या पैशांना मुदत नसते, त्यामुळे घाई नव्हती. १३ मार्चला वसंतातला सेल सुरू झाला तेव्हा त्याने एक शब्दकोड्यांचा गेम घेतला, आजीबरोबर खेळता येईल असा. गेम पासचं कार्ड अजून लिफाफ्यात आहे. ते वर्गणीचं आहे आणि कोड टाकला त्या क्षणापासून तीन महिने मोजायला लागतात, म्हणून वार्षिक परीक्षा संपल्यावर टाकायचं ठरलंय. तेव्हा मुदत संपताच वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार नाही ना, हेही बघून घेणार आहे. कार्डावर वटवायची शेवटची तारीख छापलेली नाही ना, तेही मी भिंगाने तपासून घेतलंय.

२४ जानेवारीच्या रात्री सासूबाई रोजच्यासारख्या वही घेऊन बसल्या. त्या दिवसाचा खर्च लिहून झाल्यावर त्यांनी मागची पानं उलटली, ऑक्टोबरपर्यंत गेल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा दिसलं. "कार्ड, बाळाला" या ओळीपुढे, टाचणीच्या शेजारी, नव्या शाईने एक शब्द लिहिला होता. पोचलं.